नजरेच्या टप्प्यातले अकरा

भिवंडीला मुंबईची लोकल येत नाही. भिवंडी रोड नावाचं स्थानक आहे, पण ते दिवा–वसई मार्गावर, आणि त्या मार्गावर गाड्या मोजक्याच. मुंबईला जायचं तर रिक्षा नाहीतर एसटी पकडून आधी ठाणं किंवा कल्याण गाठायचं आणि तिथून लोकल धरायची. ठाणे–भिवंडी–कल्याण मेट्रोचे खांब उभे राहिलेत, पण वाटेतल्या कंटेनरच्या रांगा काही हटलेल्या नाहीत. दादरच्या एखाद्या मैदानावर सकाळी आठला निवड चाचणी असेल, तर भिवंडी तालुक्यातल्या गावातला पोरगा पहाटे पाचलाच घरातून निघतो. मैदानावर उतरतो तेव्हा त्याचे पाय निम्मे दमलेले असतात.

हा लेख अमेरिकेतल्या एका जुन्या खेळाबद्दल आहे आणि सुरुवात मी भिवंडीच्या रेल्वेने करतोय, याला कारण आहे. एखाद्या प्रदेशातले सर्वोत्तम खेळाडू कोण, हे ठरवायला बसलेल्या माणसाला आधी त्यांच्यापर्यंत पोचावं लागतं, नाहीतर त्यांना त्याच्यापर्यंत पोचावं लागतं. सव्वाशे वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये याच एका गोष्टीवरून पूर्व, पश्चिम आणि दक्षिण यांच्यात वर्षानुवर्षं ओढाताण चालली. ती समजून घेतली की आपल्याकडच्या जिल्हा संघाच्या आणि विभागाच्या यादीकडेही वेगळ्या नजरेने पाहता येतं.

अमेरिकेतलं फुटबॉल आपल्या फुटबॉलसारखं नाही. चेंडू लांबुळका, तो हातात घेऊन पळायचं आणि समोरच्यांनी अंगावर झेपावून पाडायचं. ६ नोव्हेंबर १८६९ रोजी रटगर्स आणि प्रिन्स्टन या दोन महाविद्यालयांत झालेला सामना हा तिथला पहिला आंतरमहाविद्यालयीन सामना मानतात. त्या दिवशीचा खेळ अजून ब्रिटिश फुटबॉलच्या जवळचा होता. त्याला आजचं रूप दिलं ते येल विद्यापीठाच्या वॉल्टर कॅम्पने. १८८० मध्ये त्याने दोन्ही संघांनी समोरासमोर रेषेवर उभं राहून खेळ सुरू करण्याची पद्धत आणली. १८८२ मध्ये तीन प्रयत्नांत पाच यार्ड पुढे जा, नाहीतर चेंडू सोडा, हा नियम आला. तेव्हापासून मैदानाची मोजणी सुरू झाली आणि खेळात डावपेच शिरले.

त्या काळच्या संघात अकराच माणसं असत, आणि चढाई-बचाव दोन्ही त्याच अकरांना करावं लागे. रेषेवर सात: दोन एंड, दोन टॅकल, दोन गार्ड आणि मधला सेंटर. मागे चार: क्वार्टरबॅक, दोन हाफबॅक, फुलबॅक. आज अमेरिकेत चढाईचे वेगळे आणि बचावाचे वेगळे खेळाडू असतात. तेव्हा तसं नव्हतं. आपल्याकडे कबड्डीत जो चढाईला जातो तोच परत येऊन बचावाच्या साखळीत उभा राहतो, तसंच काहीसं. म्हणूनच 'सर्वोत्तम अकरा' ही कल्पना लोकांच्या मनात चटकन बसली. अकरा जागा आणि त्या भरणारी अकरा नावं.

पहिली अशी यादी १८८९ ची. कॅस्पर व्हिटनी या क्रीडालेखकाने ती 'द वीक्स स्पोर्ट' या नियतकालिकात छापली आणि तिच्यामागे वॉल्टर कॅम्पचाही हात होता. नाव दिलं 'ऑल-अमेरिका', म्हणजे सगळ्या अमेरिकेचा संघ. आत पाहिलं तर प्रिन्स्टनचे पाच, येलचे तीन, हार्वर्डचे तीन. अकराच्या अकरा जण तीन महाविद्यालयांतले, आणि ही तिन्ही महाविद्यालयं पूर्व किनाऱ्याजवळ, आगगाडीने एकमेकांपासून काही तासांच्या अंतरावर. प्रिन्स्टनच्या क्वार्टरबॅकचं नाव एडगर ॲलन पो, सुप्रसिद्ध कवीच्याच घराण्यातला. येलच्या एंडचं नाव ॲमॉस अलोंझो स्टॅग. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

कॅम्पवर कुणी लबाडीचा आरोप करावा असं मला वाटत नाही. तो न्यू हेवन या गावात राहायचा आणि तिथल्या घड्याळांच्या कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर होता. आठवडाभर कामात गुंतलेला असल्यामुळे येलच्या सरावालाही त्याला रोज जाता येत नसे. त्याची पत्नी ॲलिस मैदानाच्या कडेला उभी राहून सराव पाहायची आणि संध्याकाळी घरी येऊन कोण कसा खेळला ते त्याला सांगायची. स्वतः पाहता येतील असे सामने म्हणजे शनिवारचे, तेही जवळपासचे. शिकागो तिथून हजार किलोमीटरहून लांब. दूरच्या सामन्यांसाठी त्याला प्रशिक्षकांच्या आणि पंचांच्या पत्रांवर भिस्त ठेवावी लागे. त्याच्या यादीत पूर्वेकडच्या महाविद्यालयांचं इतकं वजन का, याचा बराचसा उलगडा एवढ्यातच होतो. त्याने जे पाहिलं ते लिहिलं. चूक एवढीच की जे पाहिलं त्याला त्याने सगळ्या देशाचं नाव दिलं.

१८९७ पासून ही यादी कॅम्पच्याच नावाने छापून येऊ लागली, १८९८ पासून 'कॉलियर्स' या साप्ताहिकात, आणि पुढची जवळपास सत्तावीस वर्षं ती येत राहिली. हंगाम संपला की वाचक वाट पाहत. पहिल्या अकराबरोबर दुसरा संघ, मग तिसरा. नाव आलं की गावाचा मान वाढे, आलं नाही की गावात चरफड.

या चरफडीतूनच प्रादेशिक याद्या निघाल्या. पश्चिमेच्या वृत्तपत्रांनी 'ऑल-वेस्टर्न' निवडले, दक्षिणेच्या वृत्तपत्रांनी 'ऑल-सदर्न', आणि प्रशांत महासागराच्या काठावरच्यांनी 'ऑल-पॅसिफिक कोस्ट'. त्या काळात 'पश्चिम' म्हणजे शिकागो आणि त्याभोवतीची राज्यं, आज ज्यांना तिथे मध्य-पश्चिम म्हणतात ती. १८९६ मध्ये तिथल्या विद्यापीठांनी आपली स्वतंत्र संघटना बांधली. दक्षिणेत त्याआधीच, १८९४ मध्ये, अटलांटात तशीच एक संघटना उभी राहिली होती. स्वतःची संघटना आणि स्वतःची वृत्तपत्रं असली की स्वतःची यादीही येतेच.

आता स्टॅगकडे येतो. १८८९ च्या त्या पहिल्या यादीतला येलचा हा एंड १८९२ मध्ये नव्याने उभ्या राहिलेल्या शिकागो विद्यापीठात प्रशिक्षक म्हणून गेला. १८९८ मध्ये कॅम्पच्या पहिल्या अकरात पूर्वेबाहेरचा पहिला खेळाडू आला. तो होता क्लॅरेन्स हर्शबर्गर, शिकागोचा, म्हणजे स्टॅगचा शिष्य. हर्शबर्गरची गुणवत्ता मी कमी लेखत नाही. पण पश्चिमेतल्या इतक्या संघांतून पहिलं दार उघडलं ते येलच्या माणसाने घडवलेल्या संघासाठी, हे नजरेआड करता येत नाही. ओळखीचा माणूस तिथे गेला आणि नजर त्याच्या मागोमाग गेली.

पुढे पश्चिमेने असे आकडे मांडले की दुर्लक्ष करणंच अवघड झालं. १९०१ मध्ये फील्डिंग योस्टच्या मिशिगन संघाने सगळ्या हंगामात ५५० गुण केले आणि प्रतिस्पर्ध्यांना एकही करू दिला नाही. त्या हंगामाचा शेवट १ जानेवारी १९०२ रोजी कॅलिफोर्नियात स्टॅनफर्डला ४९–० असं हरवून झाला. मिशिगनचा विली हेस्टन आणि शिकागोचा वॉल्टर एकरसॉल हे दोघं १९०४ मध्ये कॅम्पच्या पहिल्या अकरात आले. एकरसॉल १९०५ आणि १९०६ मध्येही आला. खेळणं थांबल्यावर तो 'शिकागो ट्रिब्यून'मध्ये लिहू लागला, सामन्यांत पंच म्हणूनही उभा राहू लागला, आणि वर्षअखेरीला 'ऑल-वेस्टर्न' संघही निवडू लागला. म्हणजे पंच, बातमीदार आणि निवड समिती एकाच माणसात. आज असं कुणी केलं तर आपण बोट दाखवू. पण पंच मैदानाच्या आत असतो, खेळाडूच्या दोन हातांवर उभा. प्रेक्षकांत बसलेल्या लेखकापेक्षा त्याला जास्त दिसतं, हेही खरं.

दक्षिणेत तर प्रशिक्षकच याद्या करत. ऑबर्न, क्लेमसन आणि जॉर्जिया टेक यांना घडवणारा जॉन हाइझमन दक्षिणेचे संघ निवडायचा. आज अमेरिकेतल्या सर्वोत्तम महाविद्यालयीन खेळाडूला मिळणारी ट्रॉफी त्याच्या नावाची आहे. टेनेसीत शिकलेला ग्रँटलंड राइस हा तरुण पत्रकारही 'ऑल-सदर्न' याद्या छापायचा.

दक्षिणेच्या हिश्शाला मात्र उपेक्षा जास्त आली. टेनेसीच्या डोंगरावर सेवानी नावाचं छोटंसं विद्यापीठ आहे. १८९९ मध्ये त्यांचा संघ आगगाडीने निघाला आणि सहा दिवसांत पाच सामने खेळला: टेक्सस, टेक्सस ए अँड एम, टुलेन, लुइझियाना स्टेट आणि मिसिसिपी. पाचही जिंकले आणि पाचांत मिळून एकही गुण दिला नाही. त्या हंगामात बारापैकी बारा सामने त्यांचेच. कॅम्पच्या त्या वर्षीच्या पहिल्या अकरात सेवानीचा एकही खेळाडू नव्हता. गाडी दक्षिणेतल्या दक्षिणेत फिरली, न्यू हेवनच्या बाजूला वळली नाही.

याच्या उलट उदाहरण त्याच वर्षीचं आहे आणि मला ते सगळ्यात बोलकं वाटतं. पेनसिल्वेनियात कार्लाइल इथे मूळनिवासी मुलांसाठी सरकारी शाळा होती. या मुलांना घरांपासून, भाषेपासून, रीतीभातींपासून तोडून आणलेलं. त्यांचा फुटबॉल संघ बहुतेक सामने परगावी खेळायचा, आणि तेही हार्वर्ड-येलसारख्या बड्या संघांशी, त्यांच्याच मैदानांवर. या फिरस्तीमुळे ते पाहणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर सतत राहिले. १८९९ मध्ये कार्लाइलचा आयझॅक सेनेका कॅम्पच्या पहिल्या संघात आला, असा मान मिळवणारा पहिला मूळनिवासी खेळाडू. १९११ आणि १९१२ मध्ये त्याच शाळेचा जिम थॉर्प आला. सेवानी बारा सामने जिंकूनही दिसलं नाही आणि कार्लाइल दिसलं, कारण त्यांची गाडी पूर्वेच्या मैदानांवर थांबत होती.

प्रशांत किनाऱ्याची गोष्ट थोडक्यात सांगतो. १९०५ च्या हंगामात या खेळात अठरा-एकोणीस तरुणांचे जीव गेल्याच्या नोंदी वृत्तपत्रांनी छापल्या. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी विद्यापीठांच्या लोकांना बोलावून घेतलं, आणि १९०६ मध्ये चेंडू पुढे फेकायला परवानगी मिळून खेळ मोकळा झाला. कॅलिफोर्निया आणि स्टॅनफर्ड यांनी मात्र त्याच वर्षी हा खेळच सोडून रग्बी धरली, आणि ती काही वर्षं चालली. त्या वर्षांत किनाऱ्यावरच्या सर्वोत्तम अकराची यादी करायला तिथले दोन मोठे संघच फुटबॉल खेळत नव्हते.

या सगळ्या याद्यांमध्ये एक गोष्ट समान होती: हे संघ कधी एकत्र खेळलेच नाहीत. 'ऑल-वेस्टर्न'चे अकरा जण एका मैदानावर कधी उभे राहिले नाहीत. एकाचा खांदा दुसऱ्याला लागला नाही. संघ कागदावर जन्मला आणि कागदावरच राहिला. १९२५ च्या मार्चमध्ये कॅम्प वारला आणि 'कॉलियर्स'ची यादी ग्रँटलंड राइसकडे आली. दक्षिणेची यादी करणारा माणूस देशाची यादी करू लागला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सॅन फ्रान्सिस्कोत पूर्व विरुद्ध पश्चिम असा सामना झाला, अपंग मुलांच्या रुग्णालयांच्या मदतीसाठी. प्रदेशातले निवडक खेळाडू खरोखर एका संघात खेळण्याची रीत तिथून रुजली. पहिल्या यादीनंतर छत्तीस वर्षांनी.

आपल्याकडे हे आधीपासूनच उलट आहे. आपला निवडलेला संघ खेळण्यासाठीच निवडलेला असतो. दुलीप करंडक १९६१–६२ मध्ये सुरू झाला तो विभागांच्या संघांसाठीच, आणि पहिला करंडक पश्चिम विभागाने जिंकला. महाविद्यालयीन पातळीवर तर अमेरिकेच्या जुन्या याद्यांच्या अगदी शेजारी बसावी अशी स्पर्धा आहे. विद्यापीठांची रोहिंटन बारिया स्पर्धा १९३५ पासूनची. सुनील गावसकरांच्या मुंबई विद्यापीठासाठीच्या ३२७ धावा तिथल्याच. १९६६–६७ पासून विझी ट्रॉफी सुरू झाली. तिच्यात उत्तर, दक्षिण, पूर्व, पश्चिम अशा विभागांतल्या विद्यापीठांचे निवडक खेळाडू एका संघात खेळू लागले. शिकागोच्या वृत्तपत्रांनी जे कागदावर केलं, ते आपल्या विद्यापीठांनी खेळपट्टीवर केलं.

पण प्रदेश म्हणजे काय, हे आपल्याकडेही सरळ नाही. क्रिकेटमध्ये महाराष्ट्राचे तीन संघ आहेत: मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ. पहिले दोन पश्चिम विभागात, विदर्भ मध्य विभागात, आणि शेजारचा गोवा दक्षिण विभागात. म्हणजे दादरचा, नागपूरचा आणि पणजीचा असे मराठी बोलणारे तीन मुलगे तीन वेगळ्या निवड समित्यांच्या हाती जातात. खो-खोत तर महाराष्ट्र, विदर्भ आणि कोल्हापूर असे तीन स्वतंत्र संघ राष्ट्रीय स्पर्धेत उतरतात. ठाणे जिल्ह्यातला मुलगा क्रिकेटमध्ये मुंबईच्या संघासाठी धडपडतो, आणि तोच मुलगा कबड्डी खेळला तर ठाण्याचा होतो. २०२४ मध्ये क्रिकेट मंडळाने दुलीप करंडकातले विभाग काढून अ, ब, क, ड असे संघ केले, आणि पुढच्याच वर्षी विभाग परत आणले. माणसाला आपल्या भागाचा संघ लागतो. अक्षराच्या संघाला गाव नसतं.

भिवंडी तालुका म्हणजे शहरातले यंत्रमाग आणि भोवतालची आगरी-कोळ्यांची गावं. काल्हेर, कशेळी, पूर्णा, राहनाळ, माणकोली, अंजूर. भात कापून झाल्यावर मोकळ्या खाचरात कबड्डीचं मैदान आखायचं, ही इथली पद्धत. आता बऱ्याच खाचरांवर गोदामं उभी आहेत, पण मंडळं टिकून आहेत. जत्रेच्या निमित्ताने रात्रीचे सामने होतात, हॅलोजन लागतात, उत्कृष्ट चढाई, उत्कृष्ट पकड, मालिकावीर अशी बक्षिसं असतात. क्रीडा मंडळाच्या बनियनवर गावाचं नाव ठसठशीत छापलेलं असतं.

कबड्डीच्या निवडीची शिडी अमेरिकेच्या जुन्या पद्धतीपेक्षा कितीतरी चांगली बांधलेली आहे, असं माझं मत आहे. मंडळ जिल्हा अजिंक्यपद स्पर्धेत उतरतं. तिथून बारा जणांचा जिल्हा संघ निघतो. जिल्हा संघ राज्य अजिंक्यपद आणि निवड चाचणी स्पर्धेत खेळतात, आणि तिथल्या सामन्यांवरून राज्याचे संभाव्य खेळाडू, मग शिबिर, मग शेवटचे बारा. प्रत्येक पायरीवर खेळाडूला समोरासमोर खेळून दाखवता येतं. पत्रावरून, ऐकीव माहितीवरून कुणी आत येत नाही. जिल्हे जसे बदलतात तशी शिडीही बदलते. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला. त्याआधी डहाणू-तलासरीपासून भिवंडी-शहापूरपर्यंत सगळा एकच ठाणे जिल्हा होता. अलीकडे राज्य स्पर्धेत ठाणे शहर आणि ठाणे ग्रामीण असे दोन संघ उतरू लागले आहेत. बारांच्या जागी चोवीस जणांना राज्याच्या निवड समितीसमोर उभं राहायला मिळतं, हा बदल मला मोलाचा वाटतो.

अडचण शिडीच्या खालच्या पायरीशी आहे. रात्रीच्या जत्रेतल्या सामन्यात एखादा पोरगा बारा चढायांत दहा गुण आणतो. दुसऱ्या दिवशी तो गोदामात माल चढवायला नाहीतर मागावर दुसऱ्या पाळीला जातो. जिल्ह्याची चाचणी कामाच्या दिवशी, दोन वाहनं बदलून जायच्या गावी असली की त्या दिवसाची मजुरी बुडते. वॉल्टर कॅम्पला शिकागोला जाणं जमत नव्हतं आणि या पोराला ठाण्याला जाणं परवडत नाही. अंतर कोणत्याही बाजूने मोजलं तरी तेवढंच.

क्रिकेटमध्ये शार्दूल ठाकूरची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. पालघर चर्चगेटपासून सुमारे ९० किलोमीटर, पण तिथे लोकलचा रूळ आहे, आणि त्याने किट खांद्यावर टाकून तो रूळ वर्षानुवर्षं तुडवला. शालेय सामन्यात त्याला पाहिलं ते प्रतिस्पर्धी शाळेच्या प्रशिक्षकाने, दिनेश लाड यांनी, आणि त्यांनी त्याला बोरिवलीला आपल्या घरी ठेवून घेतलं. एका डोळस माणसाच्या समोर तो एक दिवस खेळला, यावर एवढं सगळं उभं राहिलं.

दिसूनही न निवडलं जाणं, हा वेगळा आणि जास्त कडू प्रकार. हार्वर्डचा सेंटर विल्यम हेन्री लुइस १८९२ आणि १८९३ मध्ये 'ऑल-अमेरिका' संघात आला. हा मान मिळवणारा तो पहिला कृष्णवर्णीय खेळाडू, आणि पुढे तो अमेरिकेचा सहायक ॲटर्नी जनरल झाला. त्याच काळात दक्षिणेच्या गोऱ्या महाविद्यालयांचं दारच कृष्णवर्णीय मुलांना बंद होतं. 'ऑल-सदर्न' याद्या कितीही प्रामाणिकपणे केल्या तरी त्यांत दक्षिणेतल्या कृष्णवर्णीयांना जागाच नव्हती. मुंबईत हीच गोष्ट क्रिकेटच्या धर्मवार संघांत घडली. पाळवणकर बाळू हा त्या काळचा आपला सर्वश्रेष्ठ डावखुरा फिरकी गोलंदाज. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने शंभराहून जास्त बळी घेतले. हिंदूंच्या संघाला त्याची गोलंदाजी हवी होती, पण दलित असल्यामुळे त्याला कर्णधारपद कधीच मिळालं नाही. १९२० मध्ये तो उपकर्णधारपदापर्यंत पोचला. १९२३ मध्ये त्याचा धाकटा भाऊ विठ्ठल हिंदूंचा कर्णधार झाला आणि संघ जिंकला. बाळूचं प्रत्येक षटक सगळ्या मुंबईने पाहिलं होतं. त्यामुळे त्याच्या बाबतीत अंतराची सबब चालत नाही.

निवडलेल्या संघाची आणखी एक अडचण कबड्डीवाल्यांना नीट कळते. बचावात शेजारी-शेजारी उभे असलेले दोघं हात धरून साखळी करतात. चढाईवाला डाव्या कोपऱ्याला हात घालायला वाकला की साखळीतल्या दुसऱ्याने कधी उडी घ्यायची, हे शब्दांनी ठरवता येत नाही. वर्षानुवर्षं एका मंडळात खेळून ते हाताला कळतं. निवड समितीने सात वेगवेगळ्या गावांचे सात उत्तम पकडबाज एकत्र केले तर पहिल्या दोन सामन्यांत साखळी तुटणारच. म्हणून अनुभवी निवडकर्ते कोपरा आणि त्याच्या शेजारचा मध्यरक्षक एकाच संघातले जोडीने घेतात, एखादा किंचित सरस खेळाडू बाजूला ठेवून. बाहेर बसलेल्याला ती वशिलेबाजी वाटते. पुष्कळदा ती शहाणी निवड असते. कॅम्पच्या कागदी संघाला ही काळजी कधीच करावी लागली नाही, आणि माझ्या मते त्याच्या अकरांच्या तुलनेत आपल्या बारांची निवड अवघड आहे ती इथेच. जमलं की काय होतं तेही आपण पाहिलंय. जानेवारी २०१८ मध्ये हैदराबादला रिशांक देवाडिगाच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राच्या पुरुषांनी सेनादलाला हरवून अकरा वर्षांनी राष्ट्रीय अजिंक्यपद आणलं. २०१२ च्या महिला विश्वचषक विजेत्या भारतीय संघात अभिलाषा म्हात्रे, सुवर्णा बारटक्के आणि दीपिका जोसेफ अशा तिघी महाराष्ट्राच्या होत्या.

२०१४ मध्ये प्रो कबड्डी आली आणि नजरेचा टप्पा एकदम वाढला. सामना टीव्हीवर, चढाई हळू गतीने परत पाहता येते, आकडे लगेच पडद्यावर. पण तिथपर्यंत पोचलेल्यांचेच आकडे दिसतात. पूर्णा नाहीतर काल्हेरच्या जत्रेतल्या रात्रीच्या सामन्याचा गुणलेखक वहीत चढाया मोजतो, बक्षीस समारंभ होतो, आणि वही दुसऱ्या दिवशी रद्दीत जाते.

अमेरिकेतल्या त्या जुन्या 'ऑल-वेस्टर्न' आणि 'ऑल-सदर्न' संघांबद्दल आज आपण इतकं बोलू शकतो, कारण हंगाम संपला की त्यांच्या गावच्या वृत्तपत्रांनी नावं छापली: नाव, महाविद्यालय, जागा. कॅम्पने पाहिलं नाही, पण कुणीतरी लिहून ठेवलं, आणि सेवानीचे बारा विजय शंभराहून जास्त वर्षांनी भिवंडीत बसून मोजता येतात.

भिवंडी तालुक्यातल्या प्रत्येक क्रीडा मंडळाला माझी एवढीच विनंती आहे. यंदाच्या जत्रेच्या सामन्यांची गुणपत्रिका फेकू नका. प्रत्येक खेळाडूचं पूर्ण नाव, गाव, वय, वजन, किती चढाया, किती यशस्वी, किती पकडी, हे एका वहीत उतरवा, पंचाची सही घ्या, आणि मोबाइलवर तिचा फोटो काढून जिल्हा निवड समितीला चाचणीच्या आधी पाठवा. आणि जिल्ह्याच्या संघटनांना: दर हंगामात एक चाचणी रविवारी, भिवंडीत घ्या.